गुंडाळलं की गुतलं

आमच्या खासबागच्या घरात मी दहावीला जाईपर्यंत चार माग होते, रात्री लाईट गेली आणि खटखटाट बंद पडला की उलट आम्हाला जाग यायची, त्यामुळे सुताच्या बाबतीत आपल्याला कोण काय शिकवणार असा एक माज माझ्यात होता. तो मागच्या वर्षी एका पेटंटच्या केसने पार उतरवला. आणि तोसुद्धा एका शब्दावरून.

मी भाषांतराची कामं करते हे ओळखीच्यांना माहीत आहे. बेळगावात ह्या धंद्याला मरण नाही, कन्नडमधला जमिनीचा उतारा मराठीत पाहिजे असतो, आजोबांचं मोडीतलं नाहीतर मराठीतलं मृत्युपत्र इंग्रजीत पाहिजे असतं, लग्नाचा दाखला तिन्ही भाषांत पाहिजे असतो. पण पेटंट कधी आलं नव्हतं. एका वकिलांचा फोन आला, म्हणाले सुताची केस आहे, तुमच्याकडे माग होते ना, मग तुम्हीच करा. मी लगेच हो म्हटलं. शब्दाला किती रुपये तेवढं विचारलं आणि हो म्हटलं.

केस काय ती नावं न घेता सांगते. एक पार्टी तिकडची, म्हणजे निपाणीच्या पलीकडची, महाराष्ट्रातली, तिच्याकडे एका सुताचं पेटंट. दुसरी पार्टी इकडची, तसलंच सूत काढते असा तिच्यावर आरोप. मी इकडच्या वकिलांसाठी काम करत होते. पेटंट एकच असतं, सगळ्या देशाला लागू, पण त्याचा अर्ज करायचा तर इचलकरंजीवाल्याला मुंबईचं पेटंट ऑफिस आणि बेळगाववाल्याला चेन्नईचं, म्हणजे सीमा तिथंपण आहेच. (आमच्या भागातलं शहापूर तर स्वातंत्र्यापर्यंत सांगली संस्थानात होतं, आमची आज्जी बेळगावात बाजाराला जाताना "इंग्रजांच्यात जाऊन येते" म्हणायची, त्यामुळे आम्हाला ह्याचं काही नवल नाही.) केस आधी इथल्या कोर्टात लागली, मग इकडच्यांनी "तुमचं पेटंटच रद्द करा" असा उलट दावा घातला, आणि तसं केलं की पेटंट कायद्याच्या कलम १०४ प्रमाणे सगळी केस हायकोर्टात जाते, म्हणजे आमच्यासाठी धारवाड बेंच.

माझं काम काय, तर इकडच्या बाजूचा एक साक्षीदार होता, चाळीस वर्षं जॉबर म्हणून, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती बघणारा म्हणून काम केलेला, वडगावचा. त्यांना मी मामा म्हणते, अजूनही म्हणते. मामा मराठी शाळेत सातवी शिकलेले, कन्नड फाडफाड बोलतात पण वाचता येत नाही, इंग्रजी येत नाही. पेटंट इंग्रजीत, कोर्टाचं निम्मं बोलणं कन्नडमध्ये, आणि ज्याला सूत कळतं तो माणूस मराठीत. तर पेटंटचे क्लेम मराठीत करायचे, मामांना वाचायला द्यायचे, आणि ते काय म्हणतात ते इंग्रजीत आणायचं.

आता पेटंट वाचायचं कसं हेच मला माहीत नव्हतं. पेटंटला दोन भाग असतात, एक वर्णन, म्हणजे हे काय आहे, कसं बनवायचं, आकृत्या, उदाहरणं, आणि शेवटी क्लेम, म्हणजे ह्यातलं नक्की कुठपर्यंत माझं. जमिनीच्या भाषेत क्लेम म्हणजे बांध. मी सरळ क्लेमपासून सुरुवात केली कारण अर्जंट तेवढंच होतं आणि तेवढ्याचेच पैसे ठरले होते. नंतर वकीलसाहेबांनी सुप्रीम कोर्टाचा एक निकाल वाचायला दिला, बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज, १९७८ चा, मिर्झापूरच्या भांडीवाल्यांची केस, भांडं लेथवर धरायच्या साधनाचं पेटंट. त्यात कोर्टाने स्पष्ट लिहिलंय की आधी क्लेम वाचायला घेऊ नका, आधी वर्णन वाचा, म्हणजे शोध कशाचा आहे ह्यासाठी डोकं तयार होतं, मग क्लेमकडे या. मी नेमकं उलटं केलेलं. आणि घोळ तिथंच झाला.

पहिल्या क्लेममध्ये सूत असं होतं की आत रबरासारखी ताणणारी तार, ज्याला आपण स्पॅन्डेक्स किंवा लायक्रा म्हणतो, आणि तिला बाहेरून पॉलिस्टरच्या बारीक तंतूंनी "कव्हर्ड" केलेलं. स्ट्रेच पॅन्ट, मोजे, ब्लाऊजपीस, ह्या सगळ्यात असलं सूत असतं. मी ते "गुंडाळलेलं" असं केलं. मला शब्द आवडला पण. आज्जीच्या पेटीत जरीची रिळं असायची, जर म्हणजे तरी काय, आत रेशमाचा धागा आणि त्यावर चपटी केलेली धातूची तार गुंडाळलेली, कलाबतू म्हणायची ती. मला वाटलं वा, शंभर वर्षांपूर्वीचीच कल्पना, शब्द आपल्या घरात तयार आहे. इंग्रजी शब्द तसाच ठेवणारे भाषांतरकार मला आळशी वाटायचे तेव्हा.

समोरच्या वकिलांनी हरकत घेतली. म्हणे ह्या बाईंनी भाषांतर केलेलं नाही, ह्यांनी केस चालवली आहे.

मला आधी राग आला, मग दोन दिवस विचार केला, मग वर्णन पहिल्या पानापासून वाचलं, आणि मग लाज वाटली. ते बरोबर बोलत होते.

कारण असं सूत करायच्या दोन मुख्य रीती आहेत. एकात पोकळ स्पिंडल असते, तिच्या मधून स्पॅन्डेक्सची तार वर जाते, स्पिंडलवर पॉलिस्टरची बॉबीन गरगर फिरते आणि तो तंतू तारेभोवती वेढे घेत जातो, जरीसारखं, अगदी स्प्रिंगसारखे वेढे, मीटरला किती वेढे ते मोजता येतं. दुसऱ्या रीतीत काही फिरतच नाही. ताणलेली स्पॅन्डेक्स आणि पॉलिस्टर दोन्ही मिळून एका बारीक जेटमधून जातात, तिथे जोराची हवा सोडतात, हवेने पॉलिस्टरचे तंतू फुलतात, एकमेकांत आणि तारेत अडकतात, आणि थोड्या थोड्या अंतरावर गाठीसारखे ठिपके पडतात. हे एअर कव्हरिंग. हे कितीतरी पट फास्ट चालतं म्हणून स्वस्त पडतं. बाजारात दोघांनाही कव्हर्ड यार्नच म्हणतात. तिकडच्या पार्टीच्या पेटंटमधल्या आकृतीत वेढे काढलेले होते, उदाहरणात पोकळ स्पिंडल होती, पण क्लेममध्ये शब्द नुसता "कव्हर्ड". आणि इकडची पार्टी काढत होती एअरवालं.

म्हणजे सगळी केसच ह्यावर उभी होती की त्या एका शब्दात हवेचं सूत बसतं की नाही, आणि मी मराठीत "गुंडाळलेलं" लिहून निकाल देऊन मोकळी झाले होते. तोही ज्यांच्याकडून पैसे घेतले त्यांच्या बाजूने.

मग दुसरा शब्द शोधायला लागले आणि खरी मजा तिथं आहे. "झाकलेलं" म्हटलं तर भांड्यावर ताट ठेवल्यासारखं वाटतं. "मढवलेलं" म्हटलं तर देव्हाऱ्याला चांदीचा पत्रा, नाहीतर तबल्याला कातडं. "आच्छादित" हा सरकारी शब्द, मामा तो वाचूनच चष्मा काढून ठेवणार. "वेष्टित" बरा वाटला पण वेष्टन म्हणजे परत गुंडाळणंच. इंग्रजी शब्द आळशासारखा मधे बसून दोन्हीकडे बघतो, आणि मराठी क्रियापद लगेच विचारतं, कसं केलं ते सांग, फिरवून केलं की अडकवून केलं. कन्नडमध्ये पण तीच गत, तिथे पीळ देण्याला हुरी म्हणतात, रेशमाच्या कामात तर हाच शब्द चालतो, पण हवेने अडकवायला तोही कामाचा नाही.

शेवटी मी लिहिलं "कव्हर केलेलं सूत". ज्याला मी आळस म्हणत होते तोच. दुरुस्त केलेलं भाषांतर घेऊन वडगावला गेले.

मामा म्हणाले, "हां, आता कळालं. आधीच्या कागदात काय लिहिल्यालं की वो तुम्ही, मला वाटलं जरीचं चाललंय."

"मामा, पोकळ स्पिंडलवरच्या सुताला तुम्ही काय म्हणता?"

"कव्हरिंग."

"आणि हवेच्या?"

"ते बी कव्हरिंगच की. एअर कव्हरिंग."

झालं. आमचाच साक्षीदार, आणि समोरच्यांना पाहिजे तेच बोलतोय. मी वहीत लिहून घेतलं, काय करणार. तेवढ्यात मामा उठून आत गेले, दोन सुतं घेऊन आले आणि म्हणाले, "पण ताई, हे गुंडाळल्यालं हाय, आणि हे गुतल्यालं हाय." पहिल्या सुताचं टोक नखाने सोडवलं तर वरचा तंतू स्प्रिंगसारखा उलगडत गेला आणि आतली तार नागडी दिसायला लागली. दुसऱ्याचं टोक ओढलं तर ते नुसतं फुलारलं आणि पुढच्या गाठीला अडकून बसलं. गुंडाळलेलं आणि गुतलेलं. मी भाषांतरकार म्हणून तीन डिक्शनऱ्या पालथ्या घातल्या होत्या आणि ही जोडी एकीतही नव्हती.

(माझ्या मैत्रिणीचं म्हणणं की मामा आमच्या बाजूचे म्हणून असं बोलले. असेलही. पण सूत कुठल्या बाजूचं होतं, ते तर तसंच उलगडलं ना.)

बाकीचे शब्द पण सोपे नव्हते. काउंटचं घ्या. कॉटनमध्ये काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डाच्या किती लड्या बसतात, म्हणजे आकडा मोठा तसं सूत बारीक, साठचं सूत वीसच्यापेक्षा बारीक. पॉलिस्टर, रेशीम ह्यात डेनिअर, म्हणजे ९००० मीटरचं वजन किती ग्रॅम, इथे आकडा मोठा तसं सूत जाड. ५३१५ ला काउंटने भागलं की डेनिअर येतो, हे मी हाताच्या तळव्यावर लिहून फिरत होते. आता क्लेममध्ये एके ठिकाणी "हायर काउंट" होतं, ते मी "जास्त काउंटचं" केलं, बरोबरच आहे, पण वकीलसाहेबांच्या ऑफिसातल्या ज्युनिअरने ते वाचून जाड समजलं आणि अख्खी एक नोट उलटी बनवली. तेव्हापासून मी "बारीक, म्हणजे आकडा मोठा" असं पूर्ण वाक्य लिहिते, शब्द वाढले तरी चालतील. आणि टू-सिक्स्टी म्हणजे एकशेवीस नव्हे, साठचे दोन पदर एकत्र पिळलेले, म्हणजे जाडीने तिसाच्या बरोबर. हे मला तरी माहीत होतं, घरचं ज्ञान.

पिळाची दिशा आणखी वेगळीच. मामा "सरळ पीळ, उलटा पीळ" म्हणतात, पण सरळ कुणाच्या बाजूने? पेटंटमध्ये एस आणि झेड. सूत उभं धरायचं आणि पिळाची तिरकी रेघ बघायची, इंग्रजी झेडच्या मधल्या रेघेसारखी असेल तर झेड, एसच्या मधल्या रेघेसारखी असेल तर एस, आणि सूत उलटं धरलं, वरचं टोक खाली केलं तरी ते बदलत नाही हे त्यातलं सगळ्यात भारी. सुटं कॉटन सूत बहुतेक झेड असतं आणि दोन पदर एकत्र करताना एस देतात. मामांना हे दाखवलं तर ते दोन मिनिटं सूत बघत बसले आणि म्हणाले, "चाळीस वर्सं झाली, कुणी असं सांगितलं न्हाई वो." मग मी साक्षीच्या भाषांतरात "सरळ" शब्द तसाच ठेवला आणि पुढे मामांनी दाखवलेलं सूत झेड होतं असं नोंदवून घ्यायला सांगितलं. आता मी शहाणी झाले होते ना.

पण मला सगळ्यात आवडलेला घोळ आतल्या तारेचा. क्लेममध्ये होतं की आतली स्पॅन्डेक्स २० ते ४० डेनिअरची. मामांनी वाचलं आणि लगेच विचारलं, "ताणून, का सैल सोडून?" मी म्हटलं म्हणजे? तर स्पॅन्डेक्स सुतात जाताना ताणून घालतात, समजा तिप्पट ताणली, तर ४० डेनिअरची तार ताणलेल्या अवस्थेत १३ च्या आसपास भरते. मग ४० म्हणजे बॉबीनवरचे ४० की सुतातले ४०? पेटंटमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. वकीलसाहेब खुर्चीतून उठलेच. म्हणाले अमेरिकेत नेमकं ह्याच जातीचं भांडण झालंय, टेवा विरुद्ध सँडोझ, २०१५, कोपॅक्सोन नावाच्या औषधाचं पेटंट, क्लेममध्ये "मॉलिक्युलर वेट" शब्द होता आणि त्याची सरासरी तीन वेगवेगळ्या रीतीने काढता येते, कुठली ते सांगितलंच नव्हतं, शेवटी खालच्या अपील कोर्टाने तो क्लेम अस्पष्ट म्हणून बाद केला. आपल्याकडेसुद्धा पेटंट कायद्याच्या कलम १० मध्ये लिहिलंय की क्लेम स्पष्ट आणि मोजक्या शब्दांत पाहिजे. मामांच्या एका प्रश्नाने पेटंट रद्द करायच्या अर्जात एक नवीन पॅरा वाढला. मामांना ह्याचे काही मिळाले नाहीत, एक चहा मिळाला.

त्या दिवसांत मी रात्री असले निकाल वाचत बसायचे, मोबाईलवर, डोळे जाईपर्यंत. आवडलेले दोन. एक मार्कमन विरुद्ध वेस्टव्ह्यू, अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट, १९९६. ड्राय क्लीनिंगच्या दुकानात कपडे हरवू नयेत म्हणून नोंद ठेवायची पद्धत, आणि भांडण "इन्व्हेंटरी" ह्या एका शब्दावर, म्हणजे त्यात कपडे मोजायचे की नुसते पैशांचे हिशोब चालतील. कोर्ट म्हणालं क्लेममधल्या शब्दाचा अर्थ ज्युरीने नाही, जजने ठरवायचा. धोब्याच्या हिशोबावरून अख्ख्या अमेरिकेचा नियम ठरला. दुसरा एपिलेडीचा, तोच अंगावरचे केस उपटायचा जुना मशीन. त्याच्या पेटंटमध्ये "हेलिकल स्प्रिंग", म्हणजे वेढ्यावेढ्याची स्प्रिंग, आणि रेमिंग्टनने स्प्रिंगच्या जागी चिरा पाडलेला रबराचा दांडा घातला. काम तेच, वेढा नाही. इंग्लंडच्या कोर्टाने १९८९ मध्ये सांगितलं हे उल्लंघन नाही, रबराच्या दांड्याला स्प्रिंग म्हणता येत नाही. जर्मनीच्या कोर्टाने त्याच युरोपियन पेटंटवर, त्याच दांड्यावर सांगितलं की हो, उल्लंघन आहे. हे वाचून मी अंथरुणात उठून बसले. वेढा आहे की नाही, आमचीच केस! आणि एका गावात हो, दुसऱ्या गावात नाही. सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर दुकानाच्या पाटीची भाषा बदलते तसंच.

साक्ष कोर्टाने नेमलेल्या कमिशनरसमोर झाली, एका हॉलमध्ये, पंखा आवाज करत होता. समोरचे वकील हुशार, इंग्रजीत विचारायचे आणि मी मराठी करायच्या आत मामांच्या तोंडाकडे बघायचे. त्यांनी थेट मुद्द्यावर हात घातला, तुमच्या धंद्यात हवेच्या सुतालाही कव्हर्ड यार्न म्हणतात हे खरं ना.

मामा म्हणाले, "म्हणायला म्हणतो की. हाटेलात आंबोळीला बी डोसा म्हणतात, म्हणून आंबोळी डोसा हुती काय?"

हॉलमधले सगळे हसले, कमिशनरसाहेब पण, ते धारवाडचे, त्यांना दोन्ही माहीत. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले कारण मला ते इंग्रजीत करायचं होतं. आंबोळीला इंग्रजीत काय म्हणणार? "राईस पॅनकेक" म्हटलं तर डोसाही तोच, उत्तराचा जीवच गेला. मी सरळ सांगितलं की हे दोन पदार्थ आहेत, दोन्ही तव्यावर होतात, पीठ वेगळं, रीत वेगळी, आणि शब्द तसेच ठेवावेत. समोरच्यांनी परत हरकत घेतली की दुभाषी साक्षीदाराला मदत करतेय. ह्या वेळी मात्र मला लाज वाटली नाही.

मग मामांनी दोन्ही सुतं टेबलावर ठेवून तेच करून दाखवलं, नखाने सोडवून. गुंडाळलेलं, गुतलेलं. मी इंग्रजीत "वाउंड" आणि "एन्टँगल्ड" सांगितलं आणि म्हटलं की साक्षीदाराचे मूळ मराठी शब्द पण रेकॉर्डवर घ्या, इंग्रजी अक्षरांत घ्या पण घ्या. घेतले. मला त्या दिवशी फार भारी वाटलं, येताना पावाची मिसळ खाल्ली एकटीने.

केसचा निकाल लागलाच नाही. चार-पाच महिन्यांनी दोन्ही पार्ट्यांनी आपसात मिटवलं, किती देऊन घेऊन ते मला सांगितलेलं नाही, माझं बिल अर्धं आलं, अर्धं राहिलंय. त्या शब्दाचा अर्थ काय हे कुठल्याच जजने ठरवलं नाही.

पण एक राहिलं सांगायचं. साक्षीची टाईप केलेली कॉपी दुसऱ्या दिवशी हातात आली ती मी बसस्टँडवरच उघडली. स्टेनोला मराठी येत नव्हतं, त्याचा काय दोष. त्याने कानाला आलं तसं लिहिलं होतं, आणि दोन्ही सुतांना एकच शब्द टाकला होता, अर्धा ह्याचा अर्धा त्याचा: "गुंटाळलेलं". पहिलं सूत गुंटाळलेलं आहे आणि दुसरं सूत गुंटाळलेलं आहे असं साक्षीदार शपथेवर सांगतो. मी तिथंच बाकड्यावर बसून दुरुस्तीचा अर्ज हाताने लिहिला. मामांना फोन करून वाचून दाखवला तर ते इतके हसले की सही करायला येतो म्हणून सांगायचंच विसरले, मला परत फोन करायला लागला.